अंश एकीकडचा, छेद दुसरीकडचा

कुठल्या सामाजिक वर्गात मृत्यूचं प्रमाण किती हे पाहताना, व्यवसाय मृत्यूच्या दाखल्यावर आयताच मिळतो, म्हणून माणसाचा वर्ग मोजायला तोच सगळ्यात भरवशाचा असं एक म्हणणं आहे. आयता मिळतो हे खरं, ब्रिटनमध्ये १९११ च्या जनगणनेपासून व्यवसायावरून वर्ग ठरवायचा हा खटाटोप एवढी वर्षं चालला तो बराचसा त्या सोयीमुळेच, पण भरवशाचा म्हणाल तर जरा थांबा. मृत्युदर काढताना वर, म्हणजे अंशात, मेलेल्यांचा आकडा येतो दाखल्यांवरून आणि खाली, छेदात, त्या वर्गातल्या एकूण लोकांचा आकडा येतो जनगणनेतून. जनगणनेत माहिती माणूस जिवंत असताना दिलेली असते, दाखल्यावर मात्र मागे राहिलेले नातेवाईक सांगतात, आणि गेलेल्या माणसाला कोण कमी दाखवणार, साधा कामगार असला तरी फोरमन होऊन जातो! म्हणजे एकच माणूस खाली एका वर्गात आणि वर दुसऱ्याच वर्गात, दोन्हीकडचे दर बिघडले.

यावर तोड काढली ती अशी की १९७१ च्या जनगणनेतून इंग्लंड आणि वेल्समधल्या साधारण १ टक्का लोकांचा नमुना घ्यायचा, पुढे त्यातलं कोणी गेलं की ती नोंद त्याच माणसाला जोडायची, आणि वर्ग जनगणनेत सांगितलेलाच धरायचा. तरीही वर्गावर्गातली दरी काही गेली नाही, म्हणजे ती नुसती कागदावरची नव्हती. लग्न झालेल्या बायकांना नवऱ्याच्या व्यवसायावरून वर्ग द्यायचे तो घोळ मात्र या जोडणीने सुटत नाही.