नाकेबंदी आणि कतार

नाकेबंदी केली की छोटा देश वठणीवर येतोच, हे काही पटलं नाही बुवा. कतारचंच बघा ना. जून २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहारीन आणि इजिप्तने संबंध तोडले, जमिनीवरची एकुलती एक सरहद्द बंद, हवाई हद्द बंद आणि वर १३ मागण्यांची यादी, अल जझीरा ही कतारची वृत्तवाहिनी बंद करा, तुर्की लष्कराचा तळ हटवा, इराणपासून लांब राहा वगैरे.

झालं काय? सौदीतून येणारं दूध थांबलं तर पठ्ठ्यांनी चक्क विमानाने गायी आणल्या, तुर्कस्तानने आणखी सैनिक पाठवले, कतार एअरवेज इराणच्या हद्दीवरून उडायला लागली आणि ऑगस्टमध्ये कतारचा राजदूत परत तेहरानला रवाना. म्हणजे जे मोडायचं होतं तेच पक्कं झालं की!

अजून गंमत म्हणजे डॉल्फिन पाइपलाइनमधून कतारचा गॅस यूएईला या सगळ्या काळात चालूच होता. भांडण तोंडाने, वीज मात्र त्याच गॅसवर.

जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल-उलात समेट झाला, अल जझीरा चालूच, तुर्की तळही तिथेच.

आता एलएनजीचा (द्रवरूप नैसर्गिक वायूचा) पैसा आणि खुला समुद्र होता म्हणून कतारला हे जमलं, हे मान्य. कंगाल देश असता तर महिन्याभरात गुडघ्यावर आला असता. आणि अमेरिका निर्बंध लावून इराणला छळते ते प्रकरण वेगळं, तिथे डॉलरमधले व्यवहारच अडवता येतात, ती चावी सौदीच्या रियाधकडे कुठे होती?