दिनारिउसवरची मजल्यांची इमारत: देऊळ की चिता?

प्रश्न
चांदीचा दिनारिउस (प्राचीन रोमन नाणं), ३.२ ग्रॅम, व्यास १८ मिमी. पुढे दाढीवाला, उघड्या डोक्याचा सम्राट, लेख 'दिवुस अंतोनिनुस'. मागे वर निमुळती होत गेलेली मजल्यांची इमारत आणि 'कोन्सेक्रातिओ' (देवत्व बहाल करणं). हे देऊळ समजायचं का? नाणं सम्राटाच्या हयातीतलं आहे का? कडेला हिरवट ठिपका आहे, म्हणजे मुलाम्याचं म्हणावं का?

प्रतिसाद १
देऊळ नव्हे, चिता. सम्राटाच्या अंत्यविधीसाठी अशी मजल्यांची लाकडी चिता रचत. भिंग लावून पाहा: खालच्या थरात माळा, त्यावरच्या थरात मधोमध दार, माथ्यावर चार घोड्यांचा रथ. झिजलेल्या नाण्यावर रथाचा नुसता उंचवटा उरतो, तोच शिखरासारखा दिसतो. देऊळ असतं तर खांबांची रांग आणि वर त्रिकोणी कपाळपट्टी दिसली असती.

'दिवुस' म्हणजे मरणोत्तर देवत्व मिळालेला, त्यामुळे हयातीचा प्रश्नच मिटतो. लेखातला अंतोनिनुस म्हणजे सम्राट अँटोनिनस पायस, तो ७ मार्च १६१ रोजी वारला. हे नाणं त्याच्यानंतरचे सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांच्या काळात पाडलेलं.

प्रतिसाद २
'दिवुस'नंतर सुटं 'एम' नाही ना, तेवढं आधी पाहा. असेल तर ते खुद्द मार्कसचं (त्याच्याही नावात अंतोनिनुस होतं): १८० नंतर त्याचा मुलगा कोमोडसने पाडलेलं, मागे हीच चिता. लेखाचा तो भाग झिजला असेल तर दाढी बघा, मार्कसची जास्त लांब असते.

सम्राट डेसियसने २५०-५१च्या सुमारास जुन्या देवरूप सम्राटांची मालिका काढली, त्यात हाच पायस पुन्हा येतो. पण तिथे लेख 'दिवो पिओ', डोक्यावर किरणांचा मुकुट आणि मागे गरुड किंवा पेटती वेदी. त्या चौकोनी वेदीलाच बरेच जण चिता समजतात. गरुड ज्युपिटरचा, सम्राटाला स्वर्गात नेणारा. सम्राज्ञीसाठी जुनोचा मोर, उदाहरणार्थ फाउस्तिनाच्या नाण्यांवर.

प्रतिसाद ३
हिरव्या ठिपक्यावरून काहीच ठरत नाही. त्या काळच्या दिनारिउसमध्ये सुमारे पाचवा हिस्सा तांबं असतं, ते पृष्ठभागावर गंजतं. मुलामा ओळखायचा तर चांदीचा पापुद्रा सुटलेली जागा शोधा. खाली लालसर तपकिरी गाभा दिसतो.

घनताही मोजता येते. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता. चांगल्या चांदीला आकडा ०.३२ ग्रॅमच्या आसपास येईल, तांब्याच्या गाभ्याला ०.३५. फरक इतका बारीक आहे की काटा ०.००१ ग्रॅमचाच हवा. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा वाढवतो आणि अस्सल नाणं खोटं ठरतं, म्हणून आधी ते पाण्यात हलवून घ्या.

ठिपका घासून काढू नका, चितेच्या माळा त्याच्यासोबत जातील.