मदत हवी आहे: छोट्या विमानात साध्या उड्डाणालाही पॅराशूट घालावं का?

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत डेटनजवळ राहतो. गेल्या वर्षी मित्राबरोबर भागीदारीत आरव्ही-८ हे छोटं विमान घेतलं. एकामागे एक अशा दोनच सीट, वजनाला हलकं आणि ताशी ३०० किलोमीटरच्या वर सहज पळणारं. आता १७ वर्षांच्या लेकीला मागे बसायचंय आणि माझी झोप उडाली आहे.

नियम माहीत आहे. अमेरिकेत प्रवासी सोबत असताना मुद्दाम ६० अंशांहून जास्त कलंडायचं किंवा नाक ३० अंशांहून जास्त वर-खाली करायचं, तर दोघांच्याही अंगावर मान्यताप्राप्त पॅराशूट हवं. साध्या उड्डाणाला सक्ती नाही. प्रश्न साध्या उड्डाणाचाच आहे.

हँगरमधले जुने लोक म्हणतात, इंजिन बंद पडलं तर तरंगत आणून शेतात उतरव. पटतं. टेकऑफनंतर लगेच काही झालं तर छत्री उघडण्याइतकी उंचीच नसते, हेही खरं. पण दुसरं विमान धडकलं, आग लागली, कंट्रोल अडकले तर? सिरस कंपनीच्या छोट्या विमानांत अख्ख्या विमानालाच पॅराशूट असतं. आमच्यात ती सोय नाही.

१९२२ मध्ये हॅरल्ड हॅरिस या अमेरिकी लष्करी वैमानिकाने आमच्या याच डेटनवर, विमान थरथरून हाताबाहेर गेल्यावर उडी मारली आणि तो द्राक्षांच्या मांडवावर सुखरूप उतरला. पण तो एकटा होता. लेक बाहेर पडेपर्यंत मी विमान सोडणार नाही, त्यामुळे तिला किती वेळ लागतो त्यावर सगळं आलं.

रविवारी दोन पॅराशूट उसनी आणून हँगरमध्ये सराव केला. पंखाशेजारी गाद्या टाकल्या. “बाहेर!” म्हणून ओरडलो. पोरीने कॅनॉपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) मागे सारली आणि सीटचा पट्टा सोडायच्या ऐवजी छातीवरचं पॅराशूटचंच बकल सोडलं! मग उभी राहिली, तर हेडसेटच्या वायरने मान मागे खेचली. मला घामच फुटला.

दोन्ही पॅराशूट मिळून पंधराएक किलो होतात, दर १८० दिवसांनी रिगरकडून (पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या परवानाधारकाकडून) पुन्हा पॅक करून घ्यावी लागतात. त्याची तयारी आहे. पण घाईत बकलांचा असा गोंधळ होणार असेल तर उपयोग काय? शिवाय वेगात वाऱ्याच्या दाबापुढे आरव्ही-८ची कॅनॉपी पूर्ण मागे सरकते का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, घालाच. मी जर्मनीत ग्लायडर उडवते. गरम हवेच्या एकाच झोतात चार-पाच जण घिरट्या घालत असतो, पॅराशूटशिवाय कुणी बसत नाही.

तुमच्या लेकीची चूक नेहमीची आहे. आपण उतरताना विमानात बसूनच पॅराशूट सोडतो, हाताला तीच सवय लागते. यापुढे पॅराशूट अंगावर ठेवूनच विमानातून उतरायचं आणि खाली उभं राहून मग सोडायचं. दर वेळी. तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या: कॅनॉपी, वायर, पट्टा, बाहेर. आणि विमानापासून सुटल्यावर पॅराशूट उघडायचं हँडल आधी डोळ्यांनी बघायचं, दोन्ही हातांनी धरायचं, मग पूर्ण ओढायचं.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. काल संध्याकाळी तसंच केलं. पहिल्या दोन वेळा हात पुन्हा छातीकडेच गेला, पाचव्यांदा डोळे मिटून बरोबर सीटचा पट्टा सापडला. दोन पॅराशूट घ्यायची हे नक्की केलं. कॅनॉपीचं मात्र कुणीतरी सांगा, तोवर तिला मागे बसवत नाही.