मदत हवी आहे: ठाण्यात संकरित नासपतीला फूल येईल का?

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या बैठ्या घराच्या परसात मी तीन वर्षांपूर्वी 'कीफर' या संकरित नासपतीचे कलम लावले. आशियाई आणि युरोपीय नासपतीच्या संकरातून आलेली ही जात तुलनेने कमी थंडीत फळते, एवढ्याच भरवशावर मी ते घेतले. मात्र 'कमी थंडी' म्हणजेदेखील साधारण ७ अंशांखालचे काहीशे तास, हे नंतर वाचनात आले, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही.

झाड आठ फूट उंच झाले आहे, पण डिसेंबरात पानगळ पूर्ण होत नाही. शेंड्याला जुनी पाने चिकटून राहतात आणि खालच्या फांद्यांचे डोळे मिटलेलेच राहतात. फूल अद्याप एकही नाही. शिवाय गेल्या पावसाळ्यात कलमाच्या सांध्याखालून, जमिनीपासून चार बोटांवर, बारीक पानांचा काटेरी फुटवा आला. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचा, असणार म्हणून मी छाटला, तर दोन महिन्यांत त्याच जागी तीन आले.

ठाणे किंवा नवी मुंबईत नासपतीला फूल आलेले कुणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? डिसेंबरात पाणी तोडून हाताने पाने उतरवल्यास डोळे फुटतात का, की त्याने कोवळे झाड खचेल? परागीभवनासाठी सहसा दुसऱ्या जातीचे झाड लागते, हे ठाऊक आहे; पण पहिलेच फुलले नसताना तो खर्च तूर्त थांबवला आहे. सासूबाई त्या जागेवर चिकूसाठी केव्हापासून डोळा ठेवून आहेत, त्यामुळे येत्या हिवाळ्यापूर्वी उत्तर मिळाल्यास फार बरे होईल.