कुलपाचा सहा पिनांचा सिलिंडर पिकने (किल्लीऐवजी बारीक हत्याराने पिना उचलून) उघडू नये म्हणून डिझाइनमध्ये काय बदलावं, आणि चाचणी कशी घ्यावी?

पितळी_प्लग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुलपासाठी सहा पिनांचा सिलिंडर डिझाइन करतोय. बॉडी आणि प्लग (किल्लीने फिरणारा आतला भाग) दोन्ही फ्री-कटिंग पितळेचे, प्लगचा व्यास १३ मिमी. पिनांची भोकं ३.० मिमी, पिना २.९ मिमी. खालच्या पिना ४ ते ६ मिमी लांबीच्या, ०.४ मिमीच्या पायरीने सहा मापं. वरच्या पिना सगळ्या ५ मिमी, त्यांतल्या चार स्पूल म्हणजे रिळासारख्या कंबरेच्या. प्लग आणि बॉडीमध्ये व्यासावर ०.०८ मिमी क्लिअरन्स (मोकळी जागा).

सराव असलेल्या हाताला तो चार-पाच मिनिटांत उघडतो. स्पूलमुळे जरा वेळ लागतो, पण अडत नाही.

प्रश्न असे:
१) क्लिअरन्स आवळला तर किती फरक पडेल?
२) सहाही वरच्या पिना स्पूल कराव्यात का?
३) पिन सिलिंडर सोडून मुळातच वेगळी रचना करावी का? इलेक्ट्रॉनिक्स नको, किल्ली खिशात मावायला हवी. लेथ आणि मिलिंग हाताशी आहे, वायरकट (ठिणगी पाडणाऱ्या तारेने धातू कापणं) बाहेरून करून मिळतं.
४) "पिकला दाद देत नाही" हे म्हणायला कुठली चाचणी पुरेशी?

---

रीमर_३

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

सहाही भोकं तंतोतंत एका रेषेत असती, तर प्लगला ताण (फिरवण्याचा हलका जोर) दिल्यावर सहाही पिना एकदम अडकल्या असत्या. प्रत्यक्षात ड्रिल थोडं भरकटतं. एखादं भोक ०.०२ मिमी डावीकडे, दुसरं ०.०१ उजवीकडे. मग ताण दिला की आधी एकच पिन अडकते. ती बसवली (योग्य उंचीवर नेली) की प्लग केसभर फिरतो आणि पुढची अडकते. पिक करणारा सहा पिनांचं गणित एकदम सोडवतच नाही, एकेका पिनेचं सहा वेळा सोडवतो.

म्हणून नुसता प्लगचा क्लिअरन्स आवळून भागत नाही, भोकांची रेषा सुधारा. प्लग बॉडीत पक्का आवळून प्लग-बॉडीची भोकं एकाच सेटिंगमध्ये मारा: आधी सेंटर ड्रिल, मग २.८, शेवटी ३.० चा रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार). क्लिअरन्स ०.०३ ते ०.०४ वर आणा. ०.०२ च्या खाली जाऊ नका. धूळ गेली की किल्ली जड होते, आणि किल्ली जड झाली की माणूस तेल ओततो.

प्लगच्या भोकाच्या वरच्या कडेकडे बघा. बर (भोक मारताना उरलेली खरखरीत धार) काढताना तिथे हातानेच ०.२-०.३ मिमीचा चॅम्फर (कडेचा उतार) पडतो. तेवढ्या उंचीत पिन कुठेही असली तरी "बसली" असं प्लगला वाटतं, म्हणजे तुमच्या ०.४ च्या पायरीतली अर्धीअधिक अचूकता तिथेच गेली. बर काढायचा तो बारीक पॉलिश पेपरने, कड ०.०५ च्या वर मोडू द्यायची नाही.

सहाही स्पूल नकोत. स्पूल अडकली की प्लग दोन-चार अंश फिरून थांबतो, आणि तीच पिन उचलताना उलटा सरकतो. सरावलेल्या हाताला ही खूण अगदी स्पष्ट कळते. सगळ्या स्पूल म्हणजे एकच भाषा सहा वेळा. दोन स्पूल, तीन खाचेदार, एक साधी असं मिश्रण करा. खाचेदार पिनेवर ०.१५ मिमी खोल तीन-चार चरे पुरतात. प्रत्येक चऱ्यावर "बसल्या"चा टिचकीसारखा आभास होतो.

आता वरच्या पिना सगळ्या ५ मिमी ठेवल्यात, तिथे एक छिद्र राहिलंय. बॉडीतलं भोक गरजेपेक्षा खोल असेल, तर अख्खा पिनसंच वर बॉडीत ढकलून प्लग मोकळा करता येतो, पिक करायची गरजच उरत नाही. हिशेब मांडा. दाबलेली स्प्रिंग ३ मिमी धरू. किल्लीचा सर्वांत उंच दात आत जाताना ६ मिमीच्या पिनेखालून जातो आणि तिला शिअर लाइनच्या (प्लग आणि बॉडी भेटतात त्या रेषेच्या) २ मिमी वर नेतो. म्हणजे ५ + ३ + २ = १० मिमी खोली लागतेच. त्याऐवजी वरची आणि खालची पिन मिळून लांबी कायम १० ठेवा: ४ वर ६, ६ वर ४. आता कुठल्याही भोकाला ९ मिमी पुरतात, ०.३ सवलत धरून ९.३. अख्खा संच वर मावायला १३ लागतील. ही वाट बंद.

एवढं सगळं नीट केलं तर चार मिनिटांची चाळीस होतील. तत्त्व मात्र तेच राहील.

---

आडवी_पट्टी

रीमरदादांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, तिथूनच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

१८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपकाराने दोन नावाजलेली कुलपं उघडली. चब यांच्या डिटेक्टर कुलपाला २५ मिनिटं लागली. त्यात एखादी लिव्हर जास्त उचलली गेली की कुलूप अडकून बसे आणि कोणीतरी हात लावल्याचं मालकाला कळे. पण "जास्त उचलली" ही बातमी मालकाआधी हॉब्सलाच मिळत होती! ब्रामा यांच्या १८ स्लायडरच्या (सरकत्या पट्ट्यांच्या) कुलपाला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. तेही उघडलंच, कारण ताण दिला की स्लायडर एकेक करून बोलत होते. आपल्याकडच्या लिव्हरच्या कुलपांचंही हेच आहे. लिव्हर वाढवल्या की वेळ वाढतो, बोलणं थांबत नाही.

तेव्हा डिझाइनचा नियम असा: मांडणी आणि तपासणी एकाच वेळी होऊ द्यायची नाही. किल्लीने भाग मांडताना त्यांच्यावर ताण नसावा. ताण येईल तेव्हा भाग हलवता येऊ नयेत.

तुमच्या साधनांत बसेल अशी रचना सांगतो. प्लगमध्ये सहा चपटे स्लायडर, किल्ली त्यांना उंचीवर नेते. स्लायडरच्या एका कडेला ०.५ मिमी अंतराचे दात, दुसऱ्या कडेला एक खाच. दातांच्या बाजूला फणी (त्या दातांत अडकणारी दातेरी पट्टी), खाचेच्या बाजूला आडवी पट्टी. क्रम असा:

०° वर किल्ली आत, स्लायडर मोकळे.
०° ते २०° प्लग फिरताना कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारा उंचवटा) फणीला दातांत बसवतो. सहाही स्लायडर जागीच कुलूपबंद.
२५° वर पट्टीला धरून ठेवलेला खटका सुटतो आणि पट्टीची स्वतःची स्प्रिंग तिला खाचांत ढकलते.
सगळ्या खाचा समोर असतील तर पट्टी आत जाते, प्लग पुढे फिरतो. एकही चुकली तर पट्टी बॉडीच्या चरीत राहते आणि प्लग ३०° वर थांबतो.

तपासणीचा जोर हाताचा नको, स्प्रिंगचा हवा. म्हणून बॉडीतली चर चौकोनी ठेवा, इंग्रजी व्ही-आकाराची नको. व्ही-आकाराच्या चरीत प्लग फिरवला की उतार पट्टीला स्लायडरवर दाबतो, आणि स्लायडरचं सगळं दुखणं बोटांपर्यंत पोचतं. चौकोनी चरीत हाताचा जोर पट्टीतून थेट बॉडीच्या भिंतीवर जातो. स्लायडरपर्यंत पोचतच नाही.

परत येताना क्रम बरोबर उलटा हवा: आधी पट्टी बाहेर, मग फणी सुटणार, मग स्लायडर शून्यावर. फणी आधी सुटली तर पट्टी स्लायडरवर दाबलेली असतानाच स्लायडर मोकळे होतात. म्हणजे नेमकी पिकला हवी तीच स्थिती. प्लगच्या मागच्या टोकाला उतार ठेवून ७-८° वर पट्टी १ मिमी बाहेर खेचली जाईल आणि ३-४° वर फणी सुटेल असं बसवा.

मापं: पट्टीचं नाक ०.६, खाच ०.७ मिमी. दोन्ही बाजूंना ०.०५ राहतं, म्हणून फणीत बसलेल्या स्लायडरची हालचाल ०.०३ च्या आत हवी.

सगळ्यात फसवी जागा पट्टीचा कल. पुढचे तीन स्लायडर बरोबर आणि मागचे तीन चूक असतील, तर पट्टी पुढच्या टोकाला किंचित आत झुकते. प्लगच्या थांबण्यात त्याने इवलासा फरक पडतो आणि कुलूप पुन्हा बोलायला लागतं. पट्टीला दोन्ही टोकांना २ मिमीच्या गाइड पिना द्या, मधल्या चरीच्या भरवशावर सोडू नका.

हा आटापिटा कशासाठी ते आकड्यांत बघा. सहा स्लायडर, सहा पायऱ्या: ४६,६५६ जुळण्या. एका प्रयत्नाला १० सेकंद धरले तर सगळ्या तपासायला जवळपास १३० तास. पण "हा एक स्लायडर बरोबर" एवढी बातमी जरी फुटली, तरी ६ × ६ = ३६ प्रयत्न. सहा मिनिटं!

---

डायल_गेज

चौथा प्रश्न. पिक करणाऱ्याच्या हाती कुलूप देण्याआधी टेबलावर ही चाचणी घ्या, कारण गळती (कुलपातून बाहेर फुटणारी बातमी) माणसापेक्षा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) आधी पकडतं.

एक बरोबर किल्ली, आणि सहा चुकीच्या: शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच काप बरोबर असलेल्या. प्लगला १०० मिमीचा हात लावा, टोकाला ३०० ग्रॅम वजन टांगा, म्हणजे साधारण ०.३ न्यूटन-मीटर. हाताच्या टोकाशी डायल गेज. प्रत्येक चुकीच्या किल्लीने दहा वाचनं. चुकीच्या सगळ्या किल्ल्यांचा थांबा एकमेकांत मिसळलेला दिसला पाहिजे. पाच काप बरोबर असलेल्या किल्लीचं वाचन सतत ०.०५ मिमी पुढे येत असेल तर गळती आहे. पट्टीचा कल इथेच सापडेल. काप बरोबर असलेल्या जागाही बदलून बघा, पुढच्या तीन आणि मागच्या तीन वेगवेगळ्या.

दुसरी, एका पायरीने चुकलेल्या किल्ल्या. सहा जागा, वर आणि खाली, जास्तीत जास्त बारा किल्ल्या. एकीनेही उघडता कामा नये. ही चाचणी नव्या कुलपावर घेऊन थांबू नका. १०,००० फेऱ्यांनंतर आणि शेवटी पुन्हा घ्या. युरोपच्या कुलूप-सिलिंडरसाठीच्या ईएन १३०३ मानकात टिकाऊपणाची वरची पायरी १,००,००० फेऱ्यांची आहे, प्रोटोटाइपला २५,००० ठीक.

तिसरी घाण. विटेची चाळलेली धूळ टाकून ५०० फेऱ्या. मग खोबरेल तेल. हसू नका, आपल्याकडे कुलूप अडलं की तेच सोडतात. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीतल्या पहाटे मऊ स्प्रिंगचा स्लायडर शून्यावर परतत नाही, अर्ध्यातच राहतो, आणि आधीच्या किल्लीची उंची आत तशीच उरते. कुलूप फ्रिजमध्ये दोन तास ठेवून किल्ली काढा आणि स्लायडर कुठे आहेत ते टॉर्च लावून बघा. एकही वर राहिला असेल तर स्प्रिंग बदला.

यानंतर माणूस. त्याला ड्रॉइंग द्या, एक उघडलेलं कुलूप द्या, सरावाला दोन आठवडे द्या. लपवायचे फक्त किल्लीचे काप. रचना लपवून मिळालेली सुरक्षितता पहिलं कुलूप बाजारात फोडून बघितलं जाईपर्यंतच टिकते. कमीत कमी तीन नग, तिघांचे काप वेगळे. दर प्रयत्नानंतर काप बदला, नाहीतर आधीच्या प्रयत्नात जमवलेली माहिती पुढच्यात वापरली जाते. अमेरिकेच्या कुलपांसाठीच्या यूएल ४३७ मानकामध्ये पिकिंगला १० मिनिटं टिकावं लागतं. या रचनेला तेवढ्यावर सोडू नका, दहा तास द्या.

आणि नोंद "उघडलं / नाही उघडलं" एवढीच नको. दर अर्ध्या तासाला त्याला विचारा: आता कुठल्या स्लायडरबद्दल काय कळलंय? उत्तर खऱ्या कापांशी ताडून बघा. अंदाजापेक्षा जास्त बरोबर येत असेल, तर कुलूप उघडलं नसलं तरी चाचणीत नापास.

---

रीमर_३

एक राहिलं. पिक बंद झालं की माणूस बाजूने जातो. प्लगच्या तोंडाशी ३ मिमीच्या दोन कडक पोलादी पिना ड्रिलसाठी. प्लगच्या मागचा, कडी सरकवणारा कॅम किल्लीच्या खाचेतून तारेने गाठता येत नाही ना, ते बघा. आडवी_पट्टी यांनी सांगितलेल्या रचनेत खास धोका म्हणजे पट्टीचा खटका. किल्लीच्या खाचेतून तो दिसत असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. खटका मागच्या टोकाला, भिंतीआड ठेवा.

---

पितळी_प्लग

सर्वांचे आभार, पिन सिलिंडर बाजूला ठेवून फणीचीच रचना घेतो. एक शंका: ०.५ मिमी अंतराचे ६० अंशांचे दात बाहेरच्या वायरकटवर ०.२५ च्या तारेने निघतील का?

---

आडवी_पट्टी

निघतील, पण पकड राहणार नाही, हे मी वर लिहायला हवं होतं. तारेची त्रिज्या आणि ठिणगीचं अंतर मिळून दाताच्या मुळाशी ०.१४ ची गोलाई येते. ती समोरच्या दाताच्या टोकाला आडवी येते, म्हणून टोकही तेवढंच छाटावं लागतं. ०.५ अंतरावर दाताची पूर्ण उंची ०.४३. दोन्हीकडून ०.१४ गेले की पकड ०.१५. पिकने जोर लावून स्लायडर उपटता येईल. ०.६ अंतर घ्या, पकड ०.२४ मिळते. पायऱ्या पाचच बसतील, म्हणून स्लायडर सात करा: ७८,१२५ जुळण्या, म्हणजे आधीपेक्षा जास्तच.

छाटलेल्या टोकांना ०.१ ची गोलाई द्या. नाहीतर झिजलेल्या किल्लीने स्लायडर बरोबर दोन दातांच्या मध्ये थांबला की टोकावर टोक बसेल आणि खऱ्या किल्लीनेही प्लग फिरणार नाही. स्लायडर आणि फणी पोलादाची, पितळ नको. किल्ली जर्मन सिल्व्हरची. पहिला नग जुळवण्याआधी सातही स्लायडर प्रोफाइल प्रोजेक्टरवर (भागाची मोठी केलेली सावली पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघून घ्या. दात आणि खाच यांच्यातलं अंतर ०.०२ च्या आत नसेल तर तो स्लायडर बाजूला काढा, घासून जुळवू नका.