प्रोजेक्टचं नाव बदललं, मॅन्युअलमध्ये सरळ फाइंड-रिप्लेस मारू का?

बागेतला_कोड:
द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी ठेवायचं छोटं ओपन सोर्स ॲप आम्ही सांगलीत काही जण मिळून चालवतोय, जुनं नाव दुसऱ्या एका ॲपशी जुळत होतं म्हणून बदललं. कोडचं काम उरकलंय, मराठी मॅन्युअल राहिलंय. तासगाव, कवठेमहांकाळकडचे बागायतदार त्याची प्रिंट काढून ठेवतात, वर साइटचा क्यूआर पण असतो, त्यामुळं घोळ परवडणार नाही. काय करू?

कृष्णाकाठ_डेव्ह:
सरसकट मारू नका दादा. आयपायथन नोटबुक या कोड लिहायच्या ॲपचं 2014 ला ज्युपिटर झालं तरी फाइलचं एक्स्टेन्शन (नावाचं शेपूट) अजून जुन्या नावावरचं .आयपीवायएनबीच आहे. उलट 2006 ला इथरियल या नेटवर्क तपासायच्या टूलचं वायरशार्क झालं तेव्हा टेथरियल ही कमांड पण टीशार्क झाली. म्हणजे कोडमध्ये काय बदललंय ते आधी बघायचं, बॅकअपचं फोल्डर जुन्याच नावाचं असेल तर मॅन्युअलमध्ये पण तेच राहू दे, नाहीतर माणूस नसलेलं फोल्डर शोधत बसतोय. आणि चेंजलॉगमधल्या (कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्या यादीतल्या) जुन्या नोंदींना हातच लावू नका, त्या व्हर्जनचं नाव तेच होतं.

पलूसकर:
वरच्यांशी सहमत. गिट ग्रेपनं (प्रोजेक्टच्या फाइलींत शब्द शोधणारी कमांड) जुनं नाव कुठं कुठं आहे त्याची यादी काढा आणि एकेक ओळ वाचा, कारण मराठीत नावाला प्रत्यय चिकटलेले असतात. स्क्रीनशॉट मात्र ग्रेपला दिसत नाहीत, ते परत काढायलाच लागतील, बागायतदार मजकुरापेक्षा चित्र बघूनच बटण दाबतोय. पहिल्या पानावर 'पूर्वीचं नाव अमुक' हे ठळक टाका आणि निदान दोन हंगाम काढू नका.

कृष्णाकाठ_डेव्ह:
क्यूआरचं राहिलंच की. रेपोचं (प्रोजेक्टच्या फाइलींचा साठा) नाव बदललं की गिटहब, म्हणजे कोड ठेवायची साइट, जुनी लिंक आपोआप नव्याकडं नेतंय, पण गिटहब पेजेसवरच्या (गिटहबवरूनच साइट चालवायची सोय) साइटची लिंक नेत नाही. तिथं जुन्या नावानं परत नवा रेपो तयार करू नका, केला तर रेपोची जुनी लिंक पण तुटते. त्यापेक्षा अकाउंटच्या मुख्य साइटच्या रेपोत जुन्या नावाचं फोल्डर करा आणि त्यात नव्या पत्त्यावर नेणारं एक साधं एचटीएमएल पान ठेवा.

बागेतला_कोड:
आमची साइट पेजेसवरच आहे, आणि क्यूआर औषधाच्या दुकानांत पण चिकटवलेत! ते फोल्डर आज रात्रीच टाकतो. स्क्रीनशॉट ऑक्टोबर छाटणीच्या आत उरकायला पाहिजेत, एकदा फवारण्या सुरू झाल्या की कुणाला नवीन काही बघायला सवड नसते. आभार दोघांचे.