आधारचं यंत्र लॉगिनला चालेल का?

भाऊ, सेवा केंद्रातलं आधारचं अंगठ्याचं यंत्र लॅपटॉपला जोडून लॉगिन करता येईल का, असं तुम्ही विचारलं. यूएसबीत बसलं म्हणजे चाललं, असं नसते. ठसा वाचणारा रीडर विंडोज हॅलोला, म्हणजे विंडोजच्या ठशानं-चेहऱ्यानं लॉगिन करायच्या सोयीला, चालणाराच पाहिजे. नवा रीडर घेताना खोक्यावर तेवढं पाहून घ्या. पुढचं सोपं आहे: सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स. फक्त आधी पिन ठेवावा लागतो, त्याशिवाय ठसा नोंदवताच येत नाही. ठशाची माहिती त्याच कॉम्प्युटरात राहते, आधारशी तिचा संबंध नाही.

खरी अडचण बोटांची. कापूस वेचून, निंदण करून घासलेला अंगठा रेशन दुकानातही उमटत नाही, इथं तरी कसा उमटेल? दोन्ही हातांची दोन-तीन बोटं नोंदवा. मला तर करंगळीच बरी वाटते, तिला काम कमी!